पावतीच्या पाठीवर

हेलेनात, नदीच्या बांधाखाली,
माझा भाऊ जिनिंगच्या पावत्यांवर गाणी मांडायचा.
पुढच्या बाजूला गोऱ्या कारकुनाचं वळणदार अक्षर:
गाठी चार, वजावट अमुक, उचल तमुक, बाकी शून्य.
मागच्या बाजूला होझिया.
पाच रेघा तो चमच्याच्या दांड्याला धरून ओढायचा,
त्या सरळ कधी आल्या नाहीत.

डाव्या हाताची करंगळी जिनने नेली तेव्हा तो चौदाचा.
आई म्हणाली, बरं झालं, देवानेच हात आखडवला,
आता तरी गुत्त्यातला पियानो सुटेल.
महिनाभर हात फडक्यात.
मग त्याने नऊ बोटांची चाल बसवली;
करंगळी जिथे पडायची
तिथे एक श्वास.
पुढे मेम्फिसहून लोक तो श्वास शिकायला यायचे,
दहाही बोटं शाबूत असलेले.

एक स्वर मात्र त्याला लिहिता येईना.
पर्ली मावशी गेलेल्या पोराला संध्याकाळी हाक मारायची,
त्या हाकेतला.
पांढऱ्या पट्टीच्या जरा खाली, काळीच्या जरा वर.
"फटीत राहतो गं तो," होझिया म्हणायचा, "उंदरासारखा.
वाजवायला गेलं की आत."
कागदावर तो तिथे फुली मारून ठेवायचा.

सेंट लुईच्या छापखान्याने फुल्या गाळल्या,
शाईचे डाग समजून.
पंचवीस डॉलर दिले, आणि एक फेल्ट हॅट.
हॅट खरंच सुरेख होती.

दोन वर्षांनी एका औषधाच्या दुकानात
आपोआप वाजणारा पियानो पाहिला आम्ही.
आम्हाला मागच्या दाराशी उभं राहायची मुभा होती.
होझियाचंच गाणं.
समोर कोणी बसलेलं नाही, पट्ट्या आपल्या खाली-वर,
आणि त्या श्वासाच्या जागी
ठक, ठक, एक पट्टी नेमाने दबतेय.
तो हसला. "बघ," म्हणाला, "करंगळी परत आली."
खिशातलं शेवटचं नाणंही
त्याने त्यातच टाकायला दिलं.

पुराच्या साली तो गेला. पुराने नाही, खोकल्याने.
माझ्याकडे अकरा पावत्या उरल्यात.
एकीवर रेघा नाहीत, सूर नाहीत,
नुसत्या फुल्या, कडेपासून कडेपर्यंत.
परवा शेजारच्या ओडेसाची नात विचारत होती,
आजी, हा गोधडीचा नमुना का?
मी हो म्हणाले.
तिने सुई मागितली.