चाळीस टक्के

रात्री एक चाळीसला येतं.
गजर लावावा लागत नाही.
उजव्या डोळ्यामागं कुणीतरी ड्रिल लावतं
आणि सावकाश फीड देतं.
उद्यमनगरात बावीस वर्षं लेथवर काढली,
म्हणून मला हाच शब्द सुचतो.
त्रिशला म्हणते, तुम्ही डोकं भिंतीवर आपटता.
मला आठवत नाही.
भिंतीला आठवतं, तिथला चुना उडालाय.

दोन महिने रोज येतं, मग जातं.
जातं म्हणजे जातंच, पिशवीसुद्धा न विसरता.
मग आठ-दहा महिने मी धडधाकट.
ह्या धडधाकट महिन्यांनीच माझं वाटोळं केलं.
मालक म्हणाले, भूपाल, परवा तर सायकल मारत होतास!
लेथवरून गेटवर बसवलं.
गेटवरून घरी.

बुधवारी सीपीआरमध्ये दाखल्याची रांग.
पुढं एक पोरगं काठीनं फरशी वाचत चाललेलं.
मागं शिरोलीचा इलाही, प्रेसखाली हात गेलेला,
उरलेल्या तळव्यावर तंबाखू घेऊन म्हणाला,
जरा अंगठा द्या की.
मी मळून दिली.
‘तुमचं काय गेलंय?’
‘डोकं.’
‘ते तर जाग्यावर दिसतंय.’
हसला, पण नंतर मला पुढं सरकायला जागाही त्यानंच करून दिली.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या पुतणीएवढी.
सकाळपासून चहासुद्धा प्याली नसावी.
‘आत्ता दुखतंय का, काका?’
आत्ता नाही.
आत्ता कसं दुखंल? आत्ता साडेअकरा वाजलेत.
दुखणं माझं इमानी आहे,
फक्त सरकारी वेळेत येत नाही.

तिनं यादी खाली सरकवली.
डोळा, कान, हात, पाय,
अजून खाली, अजून खाली.
‘यात कुठं बसत नाही हो.
आणि बसवलं तरी चाळीस टक्के भरायला पाहिजेत.’

मी जन्मभर बसवतच आलो, बाई.
शाफ्ट बुशात, बुश हाउसिंगमध्ये.
केसाएवढा फरक माझ्या बोटाला कळतो.
चालू लेथवर माप घेऊ नये,
असं आमचे मिस्त्री शिकवायचे, बोटं जातात.
इथं उलटं झालंय.
मशीन थांबलं की मापायला जॉबच उरत नाही.
यातलं मी काहीच बोललो नाही.
म्हणालो, ‘बरं.’

तेव्हा त्रिशलानं पिशवीतून
रतिबाची वही काढली.
म्हशीचं दीड लिटर. म्हशीचं दीड. खाडा.
त्याच ओळीत लाल पेनानं:
१.४० ते ३.१५. उलटी.
१.४० ते ३.००. डोळा सुजला.
१.४५ ते ४.००. रडले.

‘रडले’ हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी पानं उलटली.
बाहेर शिपाई पुढचं नाव पुकारत होता, दोनदा, तीनदा.
‘याची झेरॉक्स जोडा.
मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र आणा.
अटॅक चालू असतानाच पुढच्या बुधवारी या, म्हणजे मला लिहिता येईल.’
टक्क्यांचा रकाना कोराच ठेवला.
कोरा म्हणजे शून्य नव्हे,
असं त्रिशला जिना उतरताना म्हणाली.

संध्याकाळी गंगावेशीत गेलो.
कट्ट्यावर म्हशी उभ्या, समोर धार काढलेली,
पेल्यावर फेस.
किती दिवसांनी वाटलं, प्यावं.
‘काय भूपालदा! तब्येत झक्कास दिसतीय की!’
मालकांचा मेहुणा.
मी पेला पाठीमागं लपवला.
फेस मनगटावरून ओघळत गेला
आणि मी उभा, चोरासारखा,
ओठावर मिशी पांढरी.

त्या रात्री एक चाळीस झाले.
दोन झाले.
त्रिशला लाल पेन घेऊन उशाशी बसलेली.
अडीच.
‘न्हाई आलं?’
‘न्हाई.’
लांब कुठंतरी ट्रक गिअर बदलत चढ चढला.
दरवर्षी याच रात्री आम्ही देवापुढं साखर ठेवतो.
ह्या वेळी तिनं
डबा हातात घेतला,
आणि परत फळीवर ठेवला.
‘अजून सहा दिवस हाईत,’ म्हणाली.
मी भिंतीकडं तोंड करून
वाट बघत पडलो.