उकर्डा तायडेचा रिपोर्ट

मंगळवार, गुरुवार, शनिवार,
पहिल्या पाळीला उकर्डा तायडे येतो.
चपला दाराबाहेरच काढतो, कितीदा सांगितलं तरी,
आणि काट्यावर उभा राहतो श्वास रोखून,
जसं काही श्वासाचंही वजन धरतील.
दोन किलो सातशे वर.
"रातच्याले पानी पेलो बाप्पा, खोटं कायले बोलू."

मी लॅबवाली. माझ्या वाट्याला त्याचं पाच मिली येतं,
महिन्याच्या पहिल्या गुरुवारी,
सुई टोचल्यावर, मशीन फिरायच्या आधी.
नळ्या थर्मासात, थर्मासात बर्फ,
आणि थर्मास तेल्हाऱ्याहून अकोल्याला
एस.टी.त, कंडक्टरच्या सीटखाली.
"कोनाचा डबा हो?" त्यानं एकदा विचारलं.
डबाच म्हटलं. भरलेला आहे.

संध्याकाळी फोनवर आकडे येतात.
सीआरपी: जूनला बारा,
जुलैत एकवीस,
ऑगस्टात अठ्ठेचाळीस.
ताप नाही. थंडी नाही. खोकला नाही.
"मले काई होऊन नाई रायलं," उकर्डा म्हणतो,
आणि ते खरंच असतं.

फेरिटिन नऊशे, हिमोग्लोबिन पावणेआठ.
डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं:
लोह आहे, घरात आहे,
पण अंगाला वाटतं चोर शिरलाय,
म्हणून सगळं कोठीत टाकून कुलूप लावलंय.
आणि माणूस उपाशी, भरल्या घरात.
इंजेक्शनं चालूच आहेत, ती दारावरच थांबतात.

मग चोर शोधणं आलं.
हाताचा फिस्टुला पाहिला: बोट ठेवलं की
आत पिठाची गिरणी चालल्यासारखी घरघर. ठीक.
छातीचा फोटो स्वच्छ.
टाचा पाहिल्या, बोटांच्या बेचक्या,
मानेवरची, जुन्या नळीची, वाळलेली खूण.
काहीच नाही.

उकर्डा हसला. "माह्या मायनं नाव पाहूनच ठेवलं.
तीन लेकरं गेल्ती पयले. म्हने, उकिरड्यावर फेकलेलं
कोन उचलते? मरनबी पाहत नाई."
मग जरा वेळानं, मशीनकडे पाहत:
"पन उकिरडा बाहेरून थंडा रायते, मॅडम.
पुसात हात घालून पाहा.
आमच्या गावची कुत्री त्याच्यावरच झोपत."

धुरपताबाई बाहेर बाकावर बसायची, चार तास.
तिला कोणी काही विचारलं नव्हतं.
मी पाणी द्यायला गेले, तर स्वतःहून म्हणाली,
"दोन मयने झाले, भाकर वरनात कुस्करून खाते.
डाव्या आंगानं चावतच नाई.
इचारलं त मनते, सवय लागली."

मागची दाढ होती.
खोबणीत लवंग ठासलेली, वरून नस,
खाली पू.
वर्षभर त्यानं ती जिभेनं झाकून ठेवली होती.
मशीनचे चार तास, सुया, रक्त
यांच्यापुढे दाढ म्हणजे काय,
ती सांगायची गोष्ट असते का?

ती काढली. त्या दिवशी हेपॅरिन बंद ठेवलं,
परतीच्या नळीत दोनदा गुठळी झाली,
सिस्टर चिडली.

पुढचा थर्मास गेला. कंडक्टरनं विचारलं नाही.
संध्याकाळी आकडा आला: सतरा.

सतरा म्हणजे विझलेलं नव्हे.
डॉक्टरीणबाई म्हणतात, यातला थोडा वाटा आपलाच.
त्या पांढऱ्या दांड्यातून, प्लास्टिकच्या नळ्यांतून
रक्त फिरतं आणि दर वेळी दचकतं,
कितव्यांदा आलं तरी घर ओळखत नाही.
जे जगवतं तेच जरा जरा पेटवतंही.
हे मी रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहू?

शनिवारी उकर्डा काट्यावरून उतरला.
"किती आला?"
"सतरा."
"अन् चांगल्या मानसाचा?"
"पाचाच्या आत."
त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, सोडून दिलं.
"अन् तुमचा किती हो, मॅडम?"

नऊ वर्षं मी इथे लोकांचं रक्त काढते.
माझं कधी लावलंच नाही.