प्रकल्पाशिवायची स्थिती

नेहेते साहेब म्हणाले, गुणोत्तर दीडच्या वर दाखव,
मग मी वरती बोलतो.
वरती म्हणजे नाशिक. नाशिकच्या वरती मुंबई.
मुंबईच्या वरती कोण, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

तर शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या उतारावर
बावीस खांब.
खांबावर डबी, ट्रकमध्ये डबी.
एखाद्याचा ब्रेक गेला की त्याची डबी खांबाला सांगेल,
खांब पुढच्या खांबाला,
तो पुढच्या गाड्यांना: सरका, वाट द्या.
एवढंच आहे. सांगायला एक चहा पुरतो.
मांडायला सत्तेचाळीस पानं.

खर्चाचा रकाना भराभर भरला.
खांब, तारा, सौरपट्टी, देखभाल,
पट्टी चोरीला जाणारच म्हणून विमा.
लाभाच्या रकान्यापाशी आले
आणि कूलरमधलं पाणी संपलं.
धुळ्यात मे महिन्यात रात्री अकरालाही
भिंत हाताला लागते.

जे घडणारच नाही त्याचं बिल कुणाच्या नावे फाडायचं?

परिशिष्ट चारमध्ये माणसाची किंमत दिली आहे.
मेलेल्याची एक. जायबंदी झालेल्याची निम्मी.
नुसता खरचटला तर माझ्या फोनपेक्षा कमी.
शहाद्याचा असो की दादरचा, दर सारखाच. तेवढं बरं.
फक्त दर साल बारा टक्के कपात:
दहाव्या वर्षी वाचणारा क्लीनर
आजच्या क्लीनरचा तिसरा हिस्सा.
तो आत्ता पाचवीत असेल कुठेतरी सेंधव्याला.
त्याला हे कळवू नये.

केळीचा तक्ता वेगळा केला.
घाट तुंबला की चोपड्याचा माल ट्रकातच पिकतो,
इंदूर येईतो काळा.
साहेबांनी आधी तोच वाचला.
म्हणाले, हे पटेल त्यांना.
केळीचं सडणं पावतीसकट येतं.

मग पाहणीला गेले तेव्हा मधल्या वळणावर
दुरसिंग पावराची चहाची टपरी.
टपरीबाहेर डांबराचा रिकामा पिंप,
पिंपावर कमानपाट्याचा एक तुकडा.
वरून गाडी बेताल येताना दिसली की तो पिंप बडवतो.
खाली पंक्चरवाला ऐकतो, रस्त्यावरचे टायर ओढतो,
त्याच्या खालचा ढाबेवाला लाल फडकं हलवतो.
वीस वर्षं.

मी विचारलं, आधी कळतं कसं?
म्हणाला, "पहिले नाकले कळस, मंग कानले.
ब्रेकना वास येस ना ताई.
तुम्हनं यंत्र वास लेई का?"
मी म्हटलं, तापमान मोजेल.
तो म्हणाला, मग ठीक. आणि चहाचे पैसे घेतले.
किती वेळा वाजवला?
"मोजेल नई."

आता पंचाईत.
प्रकल्पाशिवायची स्थिती, असा एक तक्ता असतो.
त्यात दुरसिंग धरला नाही तर गुणोत्तर एक पूर्णांक सहा.
धरला, तर एकाच्याही खाली.
बावीस खांबांचा फायदा
तो आधीच फुकटात वाटून बसला आहे.

साहेब म्हणाले, पिंपाची निविदा निघाली होती का?
नाही ना? मग तो नाही.

पण त्याचं वय एकसष्ट.
मुलगा सुरतेला मिलमध्ये.
पहाटे तीनला, जेव्हा गाड्या खऱ्या उतरतात, तो झोपलेला.
आणि वाऱ्याची दिशा फिरली की वास दरीत जातो.
हे सगळं मी गृहीतक चौदामध्ये लिहिलं.
यंत्राला लावतो तसाच त्याला घसारा लावला,
दर साल दहा टक्के,
आणि लावताना खुर्चीतून एकदा उठून आले.

एक पूर्णांक एकतीस.
दीड नाही.
पाठवलं. खाली लिहिलं, तळटीप वाचावी.

नकाशावर खांब क्रमांक नऊ
बरोबर पिंपाच्या जागी पडत होता.
तो तीन मीटर वर सरकवला.
खर्चात फरक: शून्य.
कारण, या रकान्यात
अजून काही लिहिलेलं नाही.