कोरडी जीभ, ओले हात

मार्च लागला की लोक माळ्यावरचे कूलर खाली काढतात
आणि मला फोन करतात.
नेमके तेव्हाच आमचे उपासाचे एकोणीस दिवस,
सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत
पाणीसुद्धा नाही.
मी दिवसभर टाक्या भरतो,
खसच्या ताट्या भिजवतो, पंपाची धार बघतो,
हात कोपरापर्यंत ओले
आणि जीभ चपलेच्या तळव्यासारखी.

मानेवाड्याच्या बाई म्हणाल्या, "पाणी घ्या ना भाऊ."
"उपास आहे."
"आज? आज तं बुधवार."
शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "रोजे असतीन त्याहिचे."
म्हटलं, नाही, मी हेडाऊ, तांडापेठेतला.
त्यांनी माझं कपाळ बघितलं, मनगट बघितलं,
काही सापडलं नाही.
"बहाई आहे," मी म्हणालो.
"बरं," त्या म्हणाल्या, "मोटर चालंल का यंदा?"

मोटर चालणार होती.
नुसती एक वायर निसटली होती.
मी म्हणालो, जळली.
का म्हणालो, माहीत नाही.
पोरीची फी होती, ऊन होतं, बाई वरच्या मजल्यावर गेल्या होत्या.
तीच मोटर पुसून परत बसवली.
सातशे घेतले.

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर मुलं येतात.
एक चटई, एक फाटकी सतरंजी,
मोमीनपुऱ्याचा अर्शद, गजभियेंची जुळी,
चिंचेची बोटुकं चोखत बसलेली कस्तुरी.
त्या दिवशीचा धडा होता खरं बोलण्याचा,
मी काही मुद्दाम निवडला नव्हता,
पुस्तकात तोच पुढचा होता.
कस्तुरीनं हात वर केला.
तिची आई मानेवाड्याला भांडी घासते.
"काका, तुम्ही म्हणाले मोटर जळली.
मग तीच लावली.
मी पाहून राह्यली होती, मोरीतून."

खाली गल्लीत कोणीतरी टिल्लू पंप सुरू केला.
नऊ मुलं माझ्याकडे बघत होती.
अर्शद म्हणाला, "मग?"

माझे वडील मागावर बसायचे.
तुटलेला धागा ते कधी गाठ लपवून पुढे नेत नसत,
माग थांबवायचे.
त्या दिवसाची मजुरी जायची.
आई बोलायची, ते ऐकायचे, माग बंदच.

रात्री फरीदाबींकडे प्रार्थनेला बसलो.
आमच्यात पुजारी नाही,
ज्याच्या हातात पुस्तक येईल त्यानं वाचायचं.
माझ्या हातात आलं.
आवाज फुटेना.
वाटलं, इथेच सांगून टाकावं सगळ्यांना,
रडावं, मोकळं व्हावं.
पण तेही आमच्यात नाही.
माणसासमोर पाप कबूल करून सुटका मिळत नाही,
ते देवाशी एकट्यानं बोलायचं
आणि पैसे ज्याचे त्याला नेऊन द्यायचे.
फरीदाबींनी खजूर पुढे केला.
एवढंच म्हणाल्या, "बेटा, उद्या ऊन वाढणार आहे."

सोमवारी लूना काढली.
बाईंनी सातशे रुपये हातात घेतले, उलटेपालटे केले.
"म्हणजे मोटर बंद पडणार आहे का?"
"नाही, चांगली आहे."
"मग परत कायले देऊन राह्यले?"
त्यांनी नवऱ्याला हाक मारली.
तो बनियनवर आला, मोजले, पुन्हा मोजले,
आणि हळूच विचारलं,
"अजून किती जणांचे आहेत?"

खिशात डायरी होती.
गेल्या तीन उन्हाळ्यांची.
मी काही बोललो नाही, त्यानं बघितलं तेवढं पुरे झालं.
"जा बाबा," तो म्हणाला,
आणि दार लावून घेतलं,
मग पुन्हा उघडून म्हणाला, "आमच्या भावाचाही कूलर आहे, नंदनवनला. येशीन?"

अकरा नावं निघाली.
एक घर पाडून तिथं फ्लॅट झाले,
एक आजोबा गेले, त्यांच्या सुनेनं पैसे घेतलेच नाहीत,
म्हणाली, कशाचे ते मला आठवत नाही.
ते अजून वेगळ्या पाकिटात आहेत.

आज सहाव्या घराच्या दारात सूर्य बुडाला.
अनोळखी माणसानं विचारलं, "पाणी?"
मी हो म्हणालो.
तांब्या जड होता,
दोन्ही हातांनी धरावा लागला.