कामाचं स्वरूप

वॉचमनच्या वहीत पाच रकाने:
नाव, खोली, गाडी नंबर, वेळ
आणि शेवटी 'कामाचं स्वरूप'.
पहिल्यांदा आलो तेव्हा लिहिलं, लिफ्ट.
खरंच लिफ्ट होती. तिसऱ्या-चौथ्याच्या मधे अडकलेली,
आत शलाका, दोन मुलं, दोन दप्तरं, एक कलिंगड.
धाकटी कुहू रडत नव्हती,
फटीतून विचारत होती, आता इथंच झोपायचं का.

त्यानंतर सहा महिने मी 'लिफ्ट'च लिहीत आलो.
दुबेजी वाचायचे, वर बघायचे.
लिफ्ट आपली सुरळीत वर-खाली.

बँका बंद असतात दुसऱ्या-चौथ्या शनिवारी.
आमचं उघडायचं पहिल्या-तिसऱ्याला,
बांद्र्याच्या कोर्टानं लिहून दिल्याप्रमाणे,
सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सात.
मुलांचा बाबा त्यांना ठाण्याला न्यायचा,
मी तिला गोराईच्या फेरीबोटीवर.
त्या माणसाचं तोंडही मी पाहिलेलं नाही,
पण त्याला सर्दी झाली
की माझं प्रेम पंधरा दिवस पुढं जातं.

माझी आई म्हणाली, दोन पोरं?
म्हणजे सून नाही, वऱ्हाडच आणतोयस.
मग डबा भरताना म्हणाली,
करलीचे काटे काढून दे हो, त्यांना सवय नसेल.

कुहूचा मी पहिल्या दिवसापासून लिफ्टकाका.
निषाद अकरा वर्षांचा. तो मला काहीच म्हणत नाही.
काका नाही, दादा नाही, नावानं तर नाहीच.
वाक्यं अशी शिवतो की हाकेला जागाच उरू नये:
'आई चहाचं विचारतेय.'
'पंखा बंद केला तरी चालेल.'
माझी आई चाळीस वर्षं
माझ्या वडिलांशी अशीच बोलत आली.
ते प्रेम होतं की भीती, मी कधी विचारलं नाही.

परवाच्या तिसऱ्या शनिवारी तो आलाच नाही.
फोनही नाही.
शलाकाचा मेसेज: आज नको.
दहा मिनिटांनी: ये.
मग: बघ तुझं तू.

निषाद गेटवर होता. पावणेएक वाजलेला,
पाठीवर सॅक, पायांत नवे बूट,
दहापासून उभा.
मला लिफ्टबद्दल बोलता येतं, तेच बोललो:
दोर किती भार सोसतो, ब्रेक कधी लागतो,
माणसं घाबरतात तशी ती पडत नसते.
तो चारकोपच्या त्या उन्हातल्या रस्त्याकडे बघत होता.
रिक्षा थांबली की मान वळायची
आणि मला, आता सांगायला लाज वाटते,
दर वेळी वाटायचं
की दुसरंच कुणी उतरू दे.

मग तोच वळला.
दुबेजींनी सवयीनं वही पुढं केली,
माझ्या आधी पेन त्यानं घेतलं.
नाव: यतिन तांडेल.
(वेलांटी दुसरी हवी. मी गप्प बसलो.)
खोली ४०३. वेळ त्याच्या मनगटावरची.
शेवटच्या रकान्याशी थांबला.
वरच्या ओळीत कुणा कुरियरवाल्याचं 'पार्सल' होतं.
त्याखाली त्यानं दोन बारक्या रेघा मारल्या,
वरीलप्रमाणे.

सॅक काढून माझ्याकडे दिली.
म्हणजे, दिली नाही,
माझ्या बाजूच्या हवेत धरून ठेवली.
जड होती. दोन दिवसांचे कपडे,
आणि आत बुद्धिबळाची प्यादी खुळखुळत होती.

लिफ्टमधे चारचं बटण त्यानं दाबलं.
तिसऱ्याच्या वर तो नेहमीचा किरकिर आवाज.
'ग्रीस लागेल,' मी म्हणालो.
'काल पण येत होता,' तो म्हणाला.
'रात्री जास्त.'