परत आलेली प्रत

ईसाफ्योर्दुरच्या वाचनालयात
त्या कादंबरीची एकच प्रत.
तिच्यातलं अख्खं शहर डोळ्यांवर यंत्र बांधून जगतं;
ऊन हवं तेव्हा, हवं तेवढं.

थोरग्नीने परत केली, तेव्हा पानांना कॉडचा वास.
म्हणाला, सगळेच आत, तर मासे कापतं कोण?
लेखकाने तेवढं तरी सांगायचं.

ब्रिन्दीस नर्स. रात्रपाळीत वाचली.
एकशे चाळीसाव्या पानावर, जिथे आई
गेलेल्या मुलाला रोज सकाळी शाळेत सोडते,
तिथे पेन्सिलीने, बारीक:
पत्ता द्या.

शाळकरी एगिल हिरमुसला.
यात भविष्य कुठंय?
हे तर आमचं घर, जेवायच्या वेळचं.

पानं खराब केल्याचा दंड
मी कुणालाच लावला नाही.
डिसेंबर होता. डोंगराआड गेलेला सूर्य
जानेवारी सरेपर्यंत इकडे फिरकत नाही.

काल फिरकला. चार मिनिटं.
खिडकीतून येऊन
परतीच्या पुस्तकांवर टेकला.
थोरग्नी दारातूनच, टोपी काढत:
ढगांपायी दोन दिवस उशीर केलाय,
याला तरी दंड लाव.

आम्ही हसलो. ब्रिन्दीस हसली नाही.
ती प्रत तिने पुन्हा नेली आहे.
परतीची तारीख
मी टाकलेली नाही.