व्यवधान का कारण

सिरपूरच्या पाळीवर सकाळी साडेसहाला
धुकं असलं की बदकं आधी आकडा असतात, मग रंग.
थापट्या एकशे चाळीस, अंदाजे.
तलवार बदक बावीस, मोजून.
हळदी-कुंकू चार. चोचीच्या टोकाची हळद दिसली,
बुडाचं कुंकू मी धरून चाललो.

वही वीज मंडळाची. लाइन ट्रिपिंगचं रजिस्टर,
निवृत्त होताना चार कोरी मागून आणली.
'समय'च्या रकान्यात वेळ,
'व्यवधान का कारण' या रकान्यात पक्षी.
याला इतिहास आहे.

पहिला पक्षी मी पाहिला नाही, त्यानं मला पाहिलं.
देपालपूर फीडर, खांबाचं टोक, दोन्ही हात गुंतलेले,
आणि कोतवाल टाळक्यात चोची मारून मारून सांगत होता
की शेजारच्या बाभळीत त्याचं घर आहे.
मी खाली उतरलो. गावात उजेड उशिरा आला.
साहेबांनी कारण विचारलं. मी खरं तेच लिहिलं.
कोतवाल.
साहेब हसले नाहीत.

गेल्या पौषात सपना-संगीता रोडवरच्या डॉक्टरीणबाईंनी
कानांवर डबे चढवले, ऐकू आलं की बटण दाबा म्हणाल्या.
कागदावर रेघ निघाली, डावीकडे बरी,
उजवीकडे उतरत गेलेली,
मे महिन्यात तलावाचा काठ उतरतो तशी.
"वरचे सूर गेलेत, काका. बोलणं ऐकू येईल."
बोलण्याचं मी काय करू?

ट्रान्सफॉर्मरची घूं येते अजून.
टिटवी येते. मोर येतो, नको तेव्हाही.
शिंपी अर्धा येतो.
वटवट्या पाणगवतात शेपटी उडवतो,
चोच उघडतो, मिटतो, उघडतो,
बँकेच्या काचेपलीकडल्या माणसासारखा.

चंदननगरची तबस्सुम, सातवीतली,
भावाच्या सायकलवर दुधाला निघते, किटली हँडलला.
शेकाट्याला ती म्हणते गुलाबी मोजेवाला.
पंख पसरून बसलेला पाणकावळा:
"इसके कपड़े सूखे नहीं अभी तक."
मी मराठी नाव सांगतो, ती ते जिभेवर ठेवून बघते
आणि आपलंच ठेवते.

मंगळवारी ती थबकली. "अंकल, सुना?"
मी म्हणालो, "हाँ, सुना."
आणि लिहिलं: राखी वटवट्या, एक, ऐकला.

चाळीस वर्षांत एक नोंद खोटी आहे हे मला ठाऊक होतं.
सत्त्याऐंशीचा काळा करकोचा, यशवंत सागर,
तो बहुधा पांढऱ्या मानेचाच होता, ऊन समोरून होतं.
पण ती चूक डोळ्यांनी केली होती.
रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो.

बुधवारी तिच्यादेखत ती ओळ खोडली,
पट्टी लावून शेजारी नवा रकाना आखला: कोणी ऐकला.
पूर्ण नाव विचारलं. तबस्सुम शकील मंसूरी.
"पर आपने भी तो सुना था."
मी दुर्बिणीची काच पुसली. स्वच्छ होती.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग किटलीच्या झाकणावर नखानं
टक, टक, जरा थांबून टकटकटकटक,
शेवटाला घसरत गेलेलं.
"ऐसे बोलता है. अभी भी बोल रहा है."
गवतात चोच उघडत होती, मिटत होती,
झाकण वाजत होतं,
दोन्ही जुळत नव्हती नीट, ती थोडी मागे पडायची.

सहा बावन्न. 'आपूर्ति बहाल' म्हणून एक रकाना आहे शेवटचा.
त्यात मी आजवर काही लिहिलेलं नाही.
पेन टेकवलं, उचललं.

रस्त्यापलीकडून तिच्या अम्मीची हाक आली,
दूध, शाळा, आणि हा म्हातारा,
शब्द न् शब्द.
डॉक्टरीणबाई बरोबर होत्या.